उंदराचा केक ठेवण्याआधी: कोकणात नव्यानं घर-वाडी सांभाळणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ दुकानात आले आणि केकचं अर्धं पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाले, "अहो, तीन रात्री झाल्या. केक रोज खातायत, पण मेला एकही नाही. डुप्लिकेट माल देता की काय?" मुंबईची नोकरी संपवून गावचं कौलारू घर उघडलेले. मी विचारलं, "खातायत ना? मग थांबा." पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. आता तक्रार माळ्यावरून येणाऱ्या वासाची होती.

दापोलीच्या या बाजूला खतं-बियाणं-औषधं विकताना असे फोन मला दरवर्षी येतात. उंदराच्या केकची अर्धी गोष्ट या चार-पाच दिवसांतच आहे. उंदीर खातो त्या दिवशी त्याला काही होत नाही. आणि केक चुकून दुसऱ्या कुणी खाल्ला, तर त्यालाही त्या दिवशी काही होत नाही. ही दोन वाक्यं एकत्र लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी हातात काय आहे ते ओळखा

"उंदराचं औषध द्या" म्हटलं की दुकानदार काय देईल याचा नेम नाही, कारण या एका नावाखाली तीन-चार अगदी वेगळी विषं खपतात. त्यांची कामाची रीत वेगळी, उपचारही वेगळे.

हिरवट, निळसर किंवा लालसर मेणाची वडी म्हणजे केक. त्यात बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं, ०.००५ टक्के. हे रक्त गोठू न देणारं औषध. काळी-करडी, लसणासारखा वास मारणारी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि सगळं काही तासांत आटोपतं. ट्यूबमधली पेस्ट बहुतेक वेळा पिवळ्या फॉस्फरसची. ती यकृत निकामी करते, आणि मधे एक-दोन दिवस रोगी बरा वाटतो म्हणून जास्तच फसवते. धान्याच्या कोठारात टाकतात त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. त्या प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात, कुणी सुट्या दिल्या तरी घेऊ नका.

पूड, पेस्ट आणि गोळ्या या तिन्हींवर नेमका उतारा नाही. केकवर आहे. म्हणून घरासाठी विषच ठेवायचं ठरलं, तर मी केक सुचवतो आणि पेस्ट मागणाऱ्याला शक्यतो परत पाठवतो. पुढचं सगळं केकबद्दल.

एक मात्र बघा. ब्रोमॅडिओलोनची ०.२५ टक्क्यांची पूडही येते, ती कण्यांत तेल लावून कालवण्यासाठी असते. ती केकच्या पन्नासपट तीव्र. नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. स्वयंपाकघरातल्या चमच्यानं विष कालवलेली घरं मी पाहिली आहेत.

पोटात गेल्यावर काय होतं

आपलं यकृत रक्त गोठवणारे घटक सतत तयार करत असतं. त्यांपैकी चार, क्रमांक २, ७, ९ आणि १०, पुरे होण्यासाठी के जीवनसत्त्व लागतं. हे जीवनसत्त्व एकदा वापरलं की शरीर ते पुन्हा ताजं करून घेतं, आणि ते ताजं करणारं विकरच (एन्झाइम) हे औषध बंद पाडतं. म्हणजे गिरणी आहे, दाणा आहे, पण पट्टा काढून ठेवलेला.

रक्तात आधीच फिरत असलेले घटक मात्र लगेच नाहीसे होत नाहीत. क्रमांक ७ चा घटक काही तासांत निम्म्यावर येतो, क्रमांक २ च्या घटकाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर सगळं ठीक दिसतं. मग कुठेतरी बारीकशी रक्तवाहिनी फुटते, जी एरवी रोजच फुटत असते, आणि या वेळी ती बंद होत नाही. उंदीर साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात मरतो.

हा उशीर उंदराच्या बाबतीत फायद्याचा. उंदराला ओकता येत नाही, म्हणून तो नवीन खाणं आधी चिमूटभर चाखतो आणि पोटात कळ आली की पुन्हा त्याला तोंड लावत नाही. काळ्या पुडीला तो असाच बिचकतो, म्हणून ती वापरणारे आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं खाणं ठेवून त्याला सवय लावतात. केकचा आणि पोटदुखीचा संबंध त्याला जुळवताच येत नाही.

या विषाचा शोध गायींमुळे लागला. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरसटलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. पुढे काही वर्षांत बुरशीनं गवतात तयार केलेलं द्रव्य सापडलं, आणि त्यावरून बेतलेलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं. १९५४ पासून तेच माणसांनाही औषध म्हणून देऊ लागले. घरात कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असेल आणि ते दर महिन्याला 'आयएनआर', म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासत असतील, तर त्यांच्या गोळीचं आणि या केकचं कूळ एकच. अशा माणसाच्या हातून केक ठेवून घेऊ नका. त्याचं रक्त आधीच मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं.

दहा वर्षांतच, १९५८ मध्ये, स्कॉटलंडमधले उंदीर वॉर्फरिन पचवू लागल्याचं दिसलं. मग त्याहून जालीम दुसरी पिढी आली: डायफेनाकम, ब्रोडिफॅकम आणि आपल्याकडचं ब्रोमॅडिओलोन. ही यकृतात महिनोन्‌महिने चिकटून राहतात. हा चिवटपणा पुढे दोनदा आडवा येणार आहे.

थोडं गणित

०.००५ टक्के म्हणजे एक किलो केकमध्ये ५० मिलिग्रॅम, एका ग्रॅममध्ये ०.०५ मिलिग्रॅम. उंदरांपैकी निम्मे मरतील असा डोस किलोमागे साधारण १.१ मिलिग्रॅम धरतात. अडीचशे ग्रॅमच्या उंदराला पाच-सहा ग्रॅम केक पुरतो. एक रात्र. त्यानंतर तो जे खातो ते तुमचं नुकसान आणि पुढच्या प्राण्यासाठी साठवलेलं विष. एका जागी दहा केक रचून ठेवणाऱ्यांना मी हे गणित पाकिटावरच लिहून देतो.

कुत्र्याला किलोमागे बरंच जास्त लागतं, मांजराला त्याहूनही जास्त. पण "माझ्या कुत्र्यानं थोडंच खाल्लं" यावर निभावू नका. किती खाल्लं हे बहुधा कुणालाच माहीत नसतं, कुत्रा वजनानं लहान असू शकतो, आणि चार दिवस रोज थोडं थोडं खाल्लं तर त्याची यकृतात बेरीज होते.

केकच्या आधीचं काम

जूनमध्ये बिळांत पाणी भरलं की उंदीर आणि घुशी घराकडे सरकतात. तेव्हा केकनं मारत बसण्यापेक्षा मेमध्ये वाटा बंद करणं स्वस्त पडतं. उंदीर अंगठ्याएवढ्या भोकातून येतो, पिल्लू आणि लहान घरउंदीर पेन्सिल जाईल तेवढ्या फटीतून. चिऱ्याच्या जोत्यातली भोकं सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालून भरा. कौलं आणि भिंत यांच्यामधल्या फटीला बारीक जाळी मारा. तांदूळ पत्र्याच्या पिंपात. सुकट-बोंबील बरणीत, पिशवीत नको. पडवीच्या कोपऱ्यात नारळाच्या सोडणांचा ढीग असेल तर तो घरापासून लांब न्या, नाहीतर उंदरांना तुम्ही स्वतःच घर बांधून दिल्यासारखं होईल. छपरावर टेकणाऱ्या झावळ्या तोडा.

घरात दोन-चारच उंदीर असतील तर पिंजरा पुरे. भाजलेलं खोबरं किंवा सुका बोंबील लावा. आणि रात्री चिकचिक करत भिंतीकडेनं पळणारी, उग्र वासाची, लांब नाकाची ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हे, झुरळं खाते. तिच्यासाठी केक आणू नका.

केक कसा ठेवायचा

चार इंची पीव्हीसी पाइपचे फूट-दीड फूट लांबीचे तुकडे कापा. मधोमध दोन भोकं पाडा आणि केक तारेनं आत आवळून बांधा. सुटा ठेवलेला केक उंदीर ओढून नेतो आणि मग तो शेजारच्या खळ्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडतो. पाइप भिंतीला लागून आडवा ठेवा, कारण उंदीर भिंतीचा आधार घेत चालतो. जागा बदलत राहू नका. नवीन वस्तूला तो दोन-तीन दिवस बिचकतो, तेवढं चालायचंच.

हातात मोजे घाला. त्वचेतून केक थोडाच जातो, पण उंदराच्या मुताच्या जागी हात घालायचा असतो आणि पावसात लेप्टो (उंदराच्या मुतातून पसरणारा ताप) इथं दरवर्षी असतो. पायाला जखम असेल तर त्या कामाला दुसऱ्याला पाठवा.

इथल्या दमटपणात धान्याच्या केकला आठ दिवसांत बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात मेणाचेच घ्या. विहिरीच्या काठावर, मासळी सुकवतात तिथं आणि भाताच्या खाचराच्या बांधावर ठेवू नका. बांधाचं कारण चटकन लक्षात येत नाही. पहिल्या पावसात आपण बांधावरचे मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरतो. खेकड्यांचं रक्त आपल्यासारखं गोठत नाही, त्यामुळे ते केक खाऊनही मरत नाहीत आणि विष मात्र अंगात वागवतात. समुद्री बेटांवर उंदीर मारायला असे केक टाकले तेव्हा तिथल्या खेकड्यांच्या बाबतीत हेच दिसलं. मुठ्यांचं सार प्यायचं असेल तर केक बांधापासून दूर हवा.

पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी पाइप पाहा, खाल्लेला बदला. जमिनीवर हिरव्या-निळ्या लेंड्या दिसल्या तर केक लागू पडतोय. साधारण पंधरा दिवसांत खाणं थांबतं. मग सगळे केक गोळा करा. वर्षभर ठेवून द्यायची ही वस्तू नाही. गणपतीत घर पाहुण्यांनी आणि रांगत्या पोरांनी भरतं, त्याआधी तर एकही राहता कामा नये.

माडावरचा उंदीर

कोवळी फळं देठाजवळ भोक पडून खाली येत असतील, तर काळा उंदीर शेंड्यात घर करून बसलेला असतो. तो खाली उतरतच नाही, एका माडावरून दुसऱ्यावर झावळ्यांवरून जातो. बुंध्याशी ठेवलेला केक त्याला कधी दिसत नाही.

नारळासाठीची शिफारस अशी: दर पाच माडांतल्या एका माडाच्या शेंड्यात दहा ग्रॅमचा केक, आणि बारा दिवसांनी पुन्हा एकदा. नारळ काढायला गडी चढतो तेव्हाच हे उरकून घ्यायचं. माड सुटे असतील आणि झावळ्या एकमेकींना लागत नसतील, तर जमिनीपासून सहा-सात फुटांवर फूट-सव्वा फूट रुंद गुळगुळीत पत्रा खोडाला गुंडाळा. उंदराची नखं त्यावर टिकत नाहीत. दाट वाडीत मात्र हा खर्च फुकट.

भोक पाडणारा उंदीरच आहे याची खात्री मात्र आधी करा. खारही नारळ कुरतडते, डोंगराकडच्या वाड्यांत शेकरूही येतो. दोघंही उंदरासारखेच कुरतडणारे, दोघांनाही हा केक मारतो, आणि शेकरू हा आपला संरक्षित राज्यप्राणी आहे. दिवसाढवळ्या फळं पडत असतील तर आधी वर बघा.

मेलेल्या उंदराचं काय

हा केक खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो, वास येत नाही, असं पुष्कळजण सांगतात. खोटं आहे. तो आजारी पडला की आडोशाला जातो आणि तुमचा माळा हाच त्याचा आडोसा.

वासापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. शेवटचे दोन दिवस उंदीर सुस्तावतो, दिवसा उघड्यावर फिरतो, सहज हाती लागतो. गव्हाणी घुबड, धामण, मांजर यांना तो आयता मिळतो आणि त्याच्या यकृतातलं विष त्यांच्यात जातं. एका उंदरानं बहुधा काही होत नाही, पण हंगामभर असे उंदीर खाणाऱ्या घुबडात ते साचत जातं. घुबडाची जोडी पिल्लं वाढवताना रात्रीत कितीतरी उंदीर नेते, पैसे न घेता. आमच्याकडे घुबड घरावर बसलं की अजून दगड मारतात. ते थांबवलं तरी केकचा खर्च थोडा कमी होईल.

म्हणून चौथ्या दिवसापासून रोज सकाळी गडग्याच्या कडेनं एक फेरी मारा. मेलेले उंदीर चिमट्यानं किंवा मोज्यानं उचलून विहिरीपासून लांब, दोन फूट खोल पुरा. परसातल्या उकिरड्यावर टाकू नका.

कुणी खाल्लं तर

इथं थोडं स्वतःचं सांगतो. आमच्या गोदामात केकचा एक खोका उघडा राहिला होता, चूक माझीच. सकाळी खोका फाटलेला दिसला आणि आमचा काळू शेपटी हलवत बाजूला उभा. किती खाल्ले ते कळेना, कारण किती शिल्लक होते तेच मी मोजलं नव्हतं. तो जेवला, खेळला, मीही विसरलो. चौथ्या दिवशी तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला तो उठेना. हिरडी उघडून पाहिली तर पांढरीफटक, खडूसारखी. गुरांच्या डॉक्टरांनी पायातून रक्त घेतलं, आणि सुई काढल्यावर त्या जागेतून थेंब येत राहिला तो येतच राहिला. मी कापूस दाबून अर्धा तास बसलो होतो. नखाएवढी जखमही नव्हती.

के-१ जीवनसत्त्वावर तो वाचला. चार आठवडे गोळ्या, जेवणातल्या तेला-तुपाबरोबर, कारण ते स्निग्धात चांगलं शोषलं जातं. औषध यकृतात चिकटून राहतं म्हणून एवढे दिवस. दहाव्या दिवशी तो उड्या मारायला लागला, तेव्हा गोळ्या बंद करायचा मोह मला झाला होता. डॉक्टरांनी दम दिला. कोर्स संपल्यावर दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, मगच सोडलं. आणखी एक: पहिल्या औषधाच्या दुकानात मला के-३ मिळालं, ते डॉक्टरांनी परत पाठवलं. या विषावर के-३ चालत नाही, के-१ च लागतं. पालेभाजी खाऊ घालूनही भागत नाही.

तुमच्यावर तशी वेळ आली तर:

खाल्लेली व्यक्ती किंवा प्राणी ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पहिल्या काही तासांत पोटातलं विष कमी करता येतं, तो वेळ पुन्हा मिळत नाही.

मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून ओकवू नका. दूध-तूपही पाजू नका. पाकिटावर काळी पूड किंवा पेस्ट निघाली तर हे उपाय आणखी घातक ठरतात.

पाकीट बरोबर न्या, फाटकं असलं तरी. डॉक्टरांना "उंदराचं औषध" एवढं सांगून काहीच कळत नाही, त्यांना विषाचं नाव आणि टक्केवारी हवी असते. खाल्ल्याची वेळ कागदावर लिहा.

पहिल्या दिवशीची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका. घटक अजून संपलेले नसतात. पीटी-आयएनआर, म्हणजे हीच रक्त गोठण्याची तपासणी, दोन दिवसांनी पुन्हा करायला डॉक्टर सांगतील, तेव्हा जा.

पुढचे दिवस हिरड्यांतून रक्त, न लागता उठलेले काळे-निळे डाग, लाल लघवी, काळी शी यांवर लक्ष ठेवा. कुत्र्यात रक्त पुष्कळदा बाहेर दिसतच नाही, छातीत किंवा सांध्यात साचतं. तो खोकतो, लंगडतो, धापा टाकतो.

रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला देतं.

कोकणापुरतं आणखी एक. पावसाळ्यात हिरड्यांतून रक्त येतंय म्हणजे केकच, असं धरून चालू नका. फुरसं चावलं तरी रक्त गोठायचं थांबतं, आणि अंधारात गवतात चावलेलं कधी कधी कळतही नाही. फुरशाचं विष रक्तातले तयार घटक वापरून संपवतं, केक ते घडूच देत नाही. दिसायला दोन्ही सारखं, पण फुरशाला सर्पविषावरची लस लागते, के-१ चा तिथं उपयोग नाही. म्हणून डॉक्टरांना दोन्ही शक्यता सांगा: घरात केक ठेवलाय, आणि काल संध्याकाळी गवतात गेलो होतो.

वही

आता मी प्रत्येक पाकिटाबरोबर चाळीस पानी वही घ्यायला सांगतो. लोक हसतात. त्यात एवढंच लिहायचं: तारीख, विषाचं नाव, किती केक आणले, कोणता पाइप कुठे, किती ठेवले, किती खाल्ले गेले. उरलेले केक पत्र्याच्या डब्यात, डबा कुलपात, किल्ली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. पंधरा दिवसांनी गोळा करताना वहीतल्या बेरजेशी ताळा घाला. बारा ठेवले होते, सात संपले, चार हातात आले, तर एक अजून घरात कुठेतरी आहे. तो सापडेपर्यंत कुत्र्याला दावणीला ठेवा आणि माळ्याची शिडी काढून ठेवा.